शालेय ग्रंथालय आणि संभाषक यंत्रे

पुस्तक कपाटात आहे आणि वाचक दाराशी उभा आहे, एवढ्याने ग्रंथालयाचे कार्य पुरे होत नाही. त्या दोहोंची गाठ घालून देणारा कोणीतरी मध्ये असावा लागतो. मोठ्या ग्रंथालयांत हे काम ग्रंथपाल करतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत बहुधा स्वतंत्र ग्रंथपाल नसतो; अध्यापन, हजेरी, पोषण आहाराच्या नोंदी ही सर्व कामे सांभाळून वर्गशिक्षकच पुस्तकांची देवघेव करतो. परिणामी मधल्या सुटीत कपाट उघडले म्हणजे मुलांचा घोळका भोवती जमतो, आणि एकेका मुलाच्या प्रश्नाच्या वाट्यास अर्धा मिनिटही येत नाही.

अलीकडे देशोदेशीच्या ग्रंथालयांनी या कामी संगणकावर चालणाऱ्या संभाषक यंत्रांचे साहाय्य घेण्यास आरंभ केला आहे. व्यवहारात त्यांस चॅटबॉट म्हणतात. भ्रमणध्वनीवर वा संगणकावर प्रश्न लिहावा किंवा बोलावा आणि यंत्राने वाक्यरूपाने उत्तर द्यावे, असा हा प्रकार आहे. अनेक शिक्षकांच्या हाती ही साधने आलीच आहेत. ती कशी चालतात, ग्रंथालयाच्या कोणत्या कामी येतात, कोठे फसवतात, आणि प्राथमिक शाळेने त्यांचा अवलंब करताना कोणती पथ्ये पाळावीत, याचे विवेचन पुढे केले आहे.

१. संदर्भसेवा म्हणजे काय

वाचकाने विचारावे आणि ग्रंथपालाने शोधून द्यावे, या सेवेस संदर्भसेवा म्हणतात. आज ती स्वाभाविक वाटते. परंतु तिला फार मोठा इतिहास नाही. अमेरिकेतील वूस्टर या गावचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी १८७६ साली ग्रंथपाल आणि वाचक यांच्या प्रत्यक्ष संबंधांविषयी एक निबंध सादर केला. वाचक संकोची असतो, त्यास काय हवे ते नीट सांगता येत नाही, म्हणून ग्रंथपालाने आपण होऊन आस्थेने त्यास साहाय्य करावे, असा त्या निबंधाचा आशय होता. ग्रंथ जपून ठेवणे हेच ज्या काळी ग्रंथपालाचे मुख्य काम समजले जाई, त्या काळी हा विचार नवा होता.

आपल्या देशात ही दृष्टी रुजविण्याचे श्रेय डॉ. शि. रा. रंगनाथन् यांच्याकडे जाते. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. पुस्तके वापरण्यासाठी असतात, प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक लाभला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे आणि ग्रंथालय हे सतत वाढणारे असते, असा त्या सूत्रांचा भावार्थ आहे. नवे साधन ग्रंथालयात घ्यावे की न घ्यावे, याचा निर्णय करताना हीच सूत्रे कसोटी म्हणून वापरता येतात.

पुस्तक वाचकाच्या दारी नेण्याची खटपटही जुनीच आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण करून संस्थानभर ग्रंथालये उभारली, तेव्हा पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव फिरविण्यात येत. पेटी गावात पोचली तरी तिच्यातील कोणते पुस्तक कोणाच्या उपयोगाचे, हा प्रश्न मात्र पेटी सोडवू शकत नसे. संभाषक यंत्राची परीक्षा याच ठिकाणी होते.

२. पहिला प्रश्न हा खरा प्रश्न नसतो

रॉबर्ट टेलर या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ साली वाचकांच्या प्रश्नांचे एक मार्मिक विश्लेषण केले. त्याच्या मते वाचकाची गरज चार पायऱ्यांनी व्यक्त होते. प्रथम मनात नुसती अस्पष्ट हुरहुर असते. पुढे ती जाणिवेत येते, पण शब्दांत बसत नाही. तिसऱ्या पायरीवर तिचा नीट प्रश्न बनतो. आणि चौथ्या पायरीवर, ग्रंथालयात काय मिळू शकेल याचा अंदाज घेऊन, वाचक तो प्रश्न बेतून विचारतो. ग्रंथपालाच्या कानी पडतो तो हा चौथा, बेतलेला प्रश्न. आणि त्यावरून मागे जात जात मूळ गरज गाठणे, हे त्याचे कौशल्य.

प्राथमिक शाळेत याचा प्रत्यय नित्य येतो. दिवाळीच्या सुटीपूर्वी चौथीतील एखादी मुलगी विचारते, “किल्ल्याचे पुस्तक आहे का?” प्रश्नाचा शब्दार्थ घेतला तर तिच्या हाती एखाद्या गडाचा इतिहास पडेल. पण शिक्षकाने “कशासाठी हवे, बाळ?” एवढेच विचारले, तर कळते की तिला अंगणात मातीचा किल्ला करावयाचा आहे, आणि बुरूज, तटबंदी, दरवाजा ही कोठे काढावीत हे तिला ठाऊक नाही. तिला हवी आहेत चित्रे. इतिहासाचे पुस्तक नेऊन ती दुसऱ्या दिवशी न वाचता परत करील, आणि पुस्तकात आपल्या कामाचे काही नसते अशी तिची समजूत होईल. एका उलट प्रश्नाने हा अनर्थ टळतो.

यास्तव कोणत्याही संभाषक यंत्राविषयी पहिली पृच्छा ही करावी की, ते उलट विचारते का? विचारले तर सीधे उत्तर देऊन मोकळे होणारे यंत्र ग्रंथालयाचे निम्मेच काम करते.

३. यंत्र बोलू लागले कसे

माणसाशी बोलल्याचा आभास उत्पन्न करणारी पहिली प्रसिद्ध आज्ञावली जोसेफ वायझेनबाउम यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत तयार केली. तिचे वर्णन १९६६ साली प्रसिद्ध झाले. तिचे नाव एलायझा. हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील नायिकेवरून घेतले होते. याच नाटकाचे पु. ल. देशपांडे यांनी केलेले मराठी रूप ‘ती फुलराणी’ १९७५ साली रंगभूमीवर आले. नाटकातील फुले विकणारी मुलगी जशी शिकविल्याप्रमाणे बोलू लागते, तशीच ही आज्ञावली.

एलायझाची युक्ती साधी होती. समोरच्याच्या वाक्यात ठरावीक शब्द शोधावयाचा आणि त्या शब्दासाठी आधीच लिहून ठेवलेल्या साच्यात त्याचेच वाक्य फिरवून परत द्यावयाचे. उदाहरणार्थ, “मला परीक्षेची भीती वाटते” असे लिहिले तर ‘भीती’ हा शब्द पकडून “तुम्हांला परीक्षेची भीती केव्हापासून वाटते?” असे विचारावयाचे. अर्थाचे ज्ञान तिला तिळमात्र नव्हते. तरीही माणसे तिच्याशी मन मोकळे करू लागली. वायझेनबाउम यांच्या सचिवेनेही, आपण यंत्राशी बोलत असता त्यांनी खोलीबाहेर जावे, अशी विनंती केल्याचे त्यांनी नमूद केले आहे. या अनुभवाने ते स्वतःच सावध झाले, आणि संगणकाकडे सोपवू नयेत अशी काही कामे असतात, हा विचार त्यांनी १९७६ साली एका ग्रंथात विस्ताराने मांडला. शिक्षकांनी ही गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे. तिचा उपयोग पुढे होईल.

ग्रंथालयांनी आरंभी वापरलेली यंत्रे याच जातीची, मात्र अधिक तयारीची होती. जर्मनीतील हॅम्बुर्गच्या राज्य व विद्यापीठ ग्रंथालयाने २००४ साली ‘स्टेला’ नावाचे संभाषक यंत्र वाचकांच्या सेवेस ठेवले. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील ग्रंथालयाने २०१४ साली असेच यंत्र सुरू केले. मुंग्या खाणारा एक प्राणी हे त्या विद्यापीठाचे मानचिन्ह. म्हणून इंग्रजीतील मुंगी आणि उत्तर या शब्दांचा मेळ घालून यंत्राचे नाव ‘अँट्सर्स’ ठेवण्यात आले. ग्रंथालय किती वाजता उघडते, पुस्तक किती दिवस ठेवता येते, अमुक विषयाची पुस्तके कोणत्या दालनात आहेत, अशा प्रश्नांचे साचे व त्यांची उत्तरे कर्मचाऱ्यांनी हाताने लिहिली. झालेले संवाद वेळोवेळी तपासून, यंत्र कोठे अडखळले ते पाहून, त्या साठ्यात भर घालण्यात येई. अशा यंत्राचा गुण हा की, ते लिहून दिल्याबाहेरचे बोलत नाही. दोष हा की, प्रश्नाचे शब्द थोडे बदलले तरी ते गोंधळते.

४. नवी यंत्रे आणि रिकाम्या जागा

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हे यंत्र सर्वांस खुले झाले आणि या क्षेत्रात मोठे स्थित्यंतर घडले. ही नवी यंत्रे साच्यांवर चालत नाहीत. त्यांची रीत समजावयास प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे उदाहरण घेता येईल, ते म्हणजे ‘रिकाम्या जागा भरा’.

“सूर्य ____ उगवतो” या वाक्यातील जागा मूल सहज भरते, कारण तशी वाक्ये त्याने अनेकदा ऐकलेली असतात. नव्या यंत्रांस अफाट मजकुरावरून अशाच प्रकारचा अभ्यास करविलेला असतो. आधीचे शब्द दिले असता पुढे कोणता शब्दखंड येण्याचा संभव अधिक, हे ते आकडेमोडीने ठरविते. तो खंड लिहिते. मग त्यासह पुन्हा पुढील खंड ठरविते. अशी एकामागून एक रिकामी जागा भरत संपूर्ण उत्तर तयार होते. म्हणूनच त्याची भाषा ओघवती असते आणि प्रश्न कोणत्याही शब्दांत विचारला तरी ते सहसा अडत नाही. शिवाय “आधी दोन उलट प्रश्न विचार, मग उत्तर दे” असे सांगितल्यास ते तसेही करू शकते. जुन्या यंत्रांवर ही त्याची निश्चित सरशी आहे.

परंतु याच रीतीत धोकाही दडलेला आहे. पुढे काय शोभेल हे ठरविणे वेगळे आणि खरे काय हे तपासणे वेगळे. पाठ न केलेला विद्यार्थी जसा रिकामी जागा कोरी न ठेवता शोभेल असा शब्द लिहून मोकळा होतो, तसेच हे यंत्र माहिती नसलेल्या जागी शोभिवंत मजकूर भरते, आणि तोही त्याच ठाम सुरात.

५. नसलेली पुस्तके

ग्रंथालयाच्या दृष्टीने या दोषाचे सर्वांत घातक रूप म्हणजे अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावे. मे २०२५ मध्ये अमेरिकेतील ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकासोबतच्या पुरवणीत उन्हाळी सुटीत वाचावयाच्या १५ पुस्तकांची यादी छापली गेली. लेखक सर्व खरे आणि नामांकित होते; परंतु १५ पैकी १० पुस्तके कोणी कधी लिहिलेलीच नव्हती. इसाबेल अयेंदे या विख्यात लेखिकेच्या नावावर एक संपूर्ण कादंबरी कथासारासह दाखविली होती. बाहेरच्या संस्थेकडून आलेला हा मजकूर यंत्राच्या साहाय्याने तयार करून न तपासता दिला होता, असे नंतर उघड झाले. त्यापूर्वी २०२३ साली न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात दोन वकिलांनी यंत्राने रचलेले, कधी न झालेले न्यायनिवाडे आधार म्हणून सादर केले, तेव्हा न्यायालयाने ५,००० डॉलर दंड ठोठावला.

वकील व संपादक यांच्यासारखी जाणती माणसे जेथे फसतात, तेथे नऊ वर्षांच्या मुलाची काय कथा? त्याने यंत्रास विचारावे, यंत्राने सुंदर नाव सांगावे, मुलाने ते पुस्तक कपाटात शोधावे, शिक्षकाकडे मागावे, आणि ते जगातच नसावे! यात मुलाचा वेळ जातो एवढेच नव्हे, तर आपल्या शाळेचे ग्रंथालय निकामी आहे असा चुकीचा ग्रह त्याच्या मनात रुजतो. ज्या मुलाच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तक नाही, त्याचा वाचनाशी जुळू पाहणारा धागा अशाने तुटू शकतो.

६. नोंदवहीशी बांधलेले यंत्र

यावर एक उपाय निघाला आहे. यंत्रास मोकाट न सोडता, प्रथम ग्रंथालयाच्या अभिलेखांतून प्रश्नाशी जुळणाऱ्या नोंदी शोधावयाच्या, त्या यंत्रापुढे ठेवावयाच्या, आणि “एवढ्याच नोंदींच्या आधारे उत्तर दे, त्यांत नसेल तर नाही म्हणून सांग” असा निर्बंध घालावयाचा. स्मरणावर भिस्त ठेवून उत्तर लिहिणे आणि पुस्तक उघडे ठेवून उत्तर लिहिणे, यांत जो फरक, तोच येथे पडतो. संयुक्त अरब अमिरातीतील झायेद विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २०२३ साली ‘आयशा’ नावाचे यंत्र तयार केले, तेही मोठ्या भाषायंत्रास ग्रंथालयाच्या स्वतःच्या माहितीची जोड देऊनच.

तथापि या उपायाने दोष कमी होतो, नाहीसा होत नाही. शिवाय त्यासाठी ग्रंथालयाची नोंद व्यवस्थित असावी लागते. ज्या शाळेची दाखल नोंदवही अपुरी, जीर्ण पुस्तके कमी केल्याची नोंद नाही, विषयवार यादी नाही, तेथे उत्तमातील उत्तम यंत्रही चुकीचेच सांगेल. येथे शिक्षकांस दिलासा देणारी बाब अशी की, नोंदवही नीट करण्यास यंत्र लागत नाही. आणि ती नीट झाली की यंत्र नसतानाही निम्मी अडचण दूर होते.

७. मराठीची विशेष अडचण

ही यंत्रे प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर पोसलेली आहेत. इंग्रजी विकिपीडियात ७० लक्षांहून अधिक लेख आहेत, तर मराठीत सुमारे १ लक्ष. यावरून दोन भाषांतील उपलब्ध मजकुराची तफावत ध्यानात येईल. त्यामुळे मराठी पुस्तके, लेखक व स्थानिक विषय यांबाबत यंत्राच्या चुका अधिक होतात.

दुसरी अडचण व्याकरणाची. साच्यांवर चालणारे यंत्र शब्द जसाच्या तसा शोधते. मराठीत प्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते. ‘बेडूक’ हा शब्द यादीत असला आणि मुलाने “बेडकाची गोष्ट” विचारली, तर ‘बेडूक’ आणि ‘बेडका’ एकच आहेत हे यंत्रास सांगावे लागते. ‘पाणी’चे ‘पाण्या’, ‘फूल’चे ‘फुला’, ‘मासा’चे ‘माशा’ असेच होते. ‘नाव’ शब्दाची तर मौज आहे. एकवचनी ‘नावाचे’ म्हटले तर नामाचे, आणि ‘नावेचे’ म्हटले तर होडीचे, असा भेद कळतो. पण ‘नावांची पुस्तके’ म्हटले की दोन्ही रूपे एक होतात, आणि अर्थ केवळ संदर्भावरून लावावा लागतो. नवी यंत्रे ही अडचण बऱ्याच अंशी ओलांडतात, पण सर्वस्वी नव्हे.

तिसरी अडचण मुलांच्या बोलीची. खानदेशात अहिराणी, विदर्भात वऱ्हाडी, कोकणात मालवणी, मेळघाटात कोरकू, पालघर भागात वारली बोलणारी मुले प्रमाण मराठीत प्रश्न विचारतीलच असे नाही. भारत सरकारने २०२२ साली आरंभिलेल्या ‘भाषिणी’ उपक्रमामुळे भारतीय भाषांतील वाणी व अनुवाद यांची साधने वाढत आहेत. परंतु गावच्या मुलाची बोली गावच्या शिक्षकाइतकी आज कोणत्याही यंत्रास कळत नाही. “बन्याचे पुस्तक द्या” असे म्हणणाऱ्या मुलास भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजेच बनेश फेणे, हवा आहे, हे वाचणारा शिक्षक क्षणात ओळखतो.

८. कामाची वाटणी

वरील विवेचनावरून यंत्र व शिक्षक यांच्यातील कामाची वाटणी येणेप्रमाणे करता येईल.

(अ) ठरीव प्रश्न. कपाट कोणत्या वारी उघडते, एका वेळी किती पुस्तके मिळतात, पुस्तक हरवल्यास काय करावे. ही उत्तरे बदलत नाहीत. ती यंत्राकडे खुशाल सोपवावीत.

(आ) नोंदीचे प्रश्न. अमुक पुस्तक आहे काय, अमुक लेखकाची कोणती पुस्तके आहेत. यंत्र शाळेच्या यादीशी बांधलेले असेल तरच सोपवावेत.

(इ) निवडीचे प्रश्न. “मला चांगले पुस्तक द्या.” येथे मुलाची इयत्ता, वाचनाची गती, आवड आणि मागील पुस्तकाचा अनुभव लक्षात घ्यावा लागतो. यंत्राने फार तर शिक्षकास सूचना कराव्यात; निवड शिक्षकाची.

(ई) माहितीचे प्रश्न. “विंचू विषारी का असतो?” यंत्राचे उत्तर हे उत्तर न मानता शोधाचा आरंभ मानावे, आणि ते पाठ्यपुस्तक अथवा मराठी विश्वकोश यांच्याशी ताडून पाहावे. विश्वकोश महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहे. ताडून पाहण्याची ही सवय हेच मुलाचे खरे शिक्षण होय.

(उ) मनाचे प्रश्न. घरातील मारहाण, भूक, भीती, एकटेपणा यांविषयी मूल पुस्तकाच्या निमित्ताने बोलते. एलायझाचा दाखला येथे आठवावा. जाणती माणसेही यंत्रास मन सांगू लागतात, मग मुलाने सांगितले तर नवल नाही. असा प्रश्न यंत्राकडे कदापि राहू नये. तो शिक्षकापर्यंत पोचलाच पाहिजे, आणि गरज पडल्यास १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाची मदत घेतली पाहिजे.

९. वय आणि खासगीपणा

मुलांनी ही यंत्रे स्वतः वापरण्यास वयाची मर्यादा आहे. चॅटजीपीटीच्या सेवा-अटींनुसार तेरा वर्षांखालील मुलांसाठी ती सेवा नाही. युनेस्कोनेही २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गातील अशा साधनांच्या वापरासाठी तेरा वर्षे ही किमान मर्यादा सुचविली आहे. प्राथमिक शाळेतील बहुतेक मुले या वयाखालील असल्याने, यंत्र चालविणारा हात शिक्षकाचाच असावा, हे ओघाने येते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद केली आहे. या अधिनियमाची नियमावली नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. कायद्याची वाट न पाहताही एक नियम आजच पाळता येतो. मुलाचे नाव, इयत्ता-तुकडी, गाव, जात, आजार, पालकांचा क्रमांक किंवा छायाचित्र यंत्रात घालू नये. कोणत्या मुलाने कोणते पुस्तक नेले, हा तपशील शाळेच्या देवघेव नोंदवहीतच राहावा.

१०. शाळेने आरंभ कसा करावा

(१) प्रथम एक प्रश्नवही घालावी. एक महिनाभर मुले जे जे विचारतील ते त्यांच्याच शब्दांत, नाव न लिहिता, टिपावे. शब्द शुद्ध करू नयेत. तीच खरी सामग्री आहे.

(२) महिनाअखेर ते प्रश्न वरील पाच प्रकारांत वाटावेत. कोणते प्रश्न वारंवार येतात ते दिसेल.

(३) ठरीव प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहावीत. हा तक्ता ठळक अक्षरांत कपाटाशेजारी लावावा. यंत्र नसलेल्या शाळेतही याने पुष्कळ वेळ वाचेल.

(४) दाखल नोंदवहीवरून पुस्तकांची विषयवार यादी संगणकावर किंवा वहीत करावी, आणि प्रत्येक पुस्तकापुढे मुले वापरतात ते शब्द लिहावेत. ‘शेती’पुढे ‘वावर’, ‘शेत’, ‘रान’ हेही असावेत.

(५) केंद्रातील शाळांनी मिळून एक यादी केल्यास श्रम वाटले जातील, आणि एका शाळेत नसलेले पुस्तक शेजारच्या शाळेत आहे हेही कळेल.

(६) यानंतरच शिक्षकाने एखादे यंत्र स्वतः तपासावे. परीक्षा सोपी आहे. एखाद्या नामांकित मराठी लेखकाच्या नावावर कल्पित पुस्तक रचून त्याचे कथासार विचारावे. यंत्राने कथासार सांगितले तर पुस्तकांच्या शिफारशीसाठी ते अपात्र समजावे. शाळेत असलेल्या दहा पुस्तकांचे लेखक विचारून उत्तरे नोंदवहीशी ताडावीत. तोच प्रश्न दोनदा विचारून उत्तर पालटते का ते पाहावे.

(७) यंत्राने सुचविलेले कोणतेही पुस्तक कपाटात किंवा विश्वासार्ह सूचीत प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज मुलास सांगू नये. या नियमास अपवाद असू नये.

(८) पाचवीच्या पुढील वर्गांत यंत्राचे एक चुकलेले उत्तर फळ्यावर लिहून, ते चूक आहे हे पुस्तकाच्या आधारे मुलांकडून शोधून घ्यावे. १५ ऑक्टोबर या वाचन प्रेरणा दिनी असा पाठ घेण्यास उत्तम संधी मिळते.

समारोप

संभाषक यंत्र हे संदर्भसेवेतील हरकाम्या आहे. वेळापत्रक सांगणे, यादी चाळणे, शब्द सुचविणे ही कामे ते न थकता करील, आणि वाचकाचा वेळ वाचवावा या सूत्रास त्याचा हातभार लागेल. परंतु प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळावे, हे दुसरे सूत्र केवळ वेगाने साध्य होत नाही. त्यासाठी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून उलट विचारणारा आणि कपाटातील पुस्तके स्वतः वाचलेला शिक्षकच लागतो.

यंत्रामुळे वाचलेला वेळ कोठे जातो, यावरच या साधनाचे यश ठरेल. तो दुसऱ्या एखाद्या तक्त्याची रकाने भरण्यात गेला, तर शाळेने काहीच मिळविले नाही. तोच वेळ मधल्या सुटीत घोळक्याच्या मागे उभ्या राहणाऱ्या, काहीच न विचारणाऱ्या मुलाकडे वळला, तर शिक्षकास त्याच्याशेजारी दोन मिनिटे बसता येईल, आणि ते मूल रिकाम्या हातांनी वर्गात परतणार नाही.